दिव्यांग लेकराचं शिक्षण : तोंडी नको, पोच घ्या

शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून मुख्याध्यापक म्हणतात, "याले विशेष शाळेत टाका, इथं त्याचं काही होत नाही." आई लेकराचा हात धरून घरी येते. प्रवेश नाकारला याचा कागद कुठेच उरत नाही. वर्षभरानं कुणी विचारलं, तर शाळेचं उत्तर तयार असतं : पालक आलेच नव्हते. आपल्या खेड्यांत दिव्यांग मुलांचं शिक्षण बहुतेक वेळा अशा तोंडी बोलण्यातच तुटतं. म्हणून पुढचं सगळं दोनच सवयींवर उभं आहे. मागणी लेखी करायची आणि तिची पोच घ्यायची.

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत यासाठी आवक-जावकचं वेगळं टेबल असतं. अर्ज थेट साहेबांच्या हातात देऊ नका, आधी त्या टेबलावर नोंदवा. हातोहात दिलेला अर्ज साहेबांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात जातो आणि साहेबांची बदली झाली की त्यांच्यासोबत संपतो. बाबूंनी पोच द्यायला नकार दिला तर वाद घालू नका. तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.

घरची फाइल

बटनाचं प्लास्टिक फोल्डर घ्या, पावसाळ्यात कागद भिजत नाहीत. त्यात लेकराचा जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, दवाखान्याचे सगळे केस पेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, दिव्यांग प्रमाणपत्र, शाळेचा बोनाफाइड आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊन टाकू नका, दाखवा आणि परत घ्या. सोबत एक साधी वही ठेवा. कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयात, कुणाला भेटलो आणि काय सांगितलं, एवढंच रोजच्या भाषेत लिहायचं. लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून त्याच संध्याकाळी लिहून घ्या. दोन महिन्यांनी ही वही लागते. "तुम्हाला कोणी सांगितलं?" या प्रश्नाला तारखेसकट उत्तर देणाऱ्या पालकाशी कार्यालय वेगळ्या सुरात बोलतं.

प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. अंधत्व, कर्णबधिरता आणि अस्थिव्यंग सगळ्यांना ठाऊक असतात. पण सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि आपल्या विदर्भात फार महत्त्वाचे असलेले सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आजारही त्याच यादीत आहेत. सिकलसेलच्या लेकराला बाहेरून काही दिसत नाही, म्हणून गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत कितीतरी घरांत प्रमाणपत्राचा विचारच होत नाही. त्याचाही अर्ज करा.

अर्ज ऑनलाइनच होतो, स्वावलंबन पोर्टलवर. स्वतःच्या मोबाइलवरून भरता येतो, नाहीतर सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. इथे चार चुका नेहमी होतात. पहिली नावाची : आधारवर जे स्पेलिंग आहे तेच अर्जात हवं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं असेल तर आधी ते जुळवून घ्या. नाहीतर पुढे शिष्यवृत्ती बँकेत अडकते. दुसरी मोबाइल नंबरची. केंद्रवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा नंबर टाकला, किंवा रिचार्जअभावी सिम बंद पडलं, की ओटीपी आणि तपासणीची तारीख दोन्ही हरवतात. तिसरी, दवाखाना निवडताना दुसऱ्याच जिल्ह्याचा निवडला जातो. चौथी, अर्जाची पावती घेतली जात नाही. नोंदणी क्रमांक फोल्डरमध्ये हवाच.

जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ ठरलेल्या वारीच बसतं, आणि कान, डोळे, हाडं, मानसोपचार यांचे वार वेगळे असू शकतात. गावातून निघण्याआधी फोन करून विचारा : आमच्या लेकराच्या प्रकाराचे डॉक्टर कोणत्या वारी आहेत आणि तपासणीचं मशीन सुरू आहे का. एवढं न विचारल्यामुळे मुक्कामी गाडीनं पहाटे निघालेलं कुटुंब संध्याकाळी रिकाम्या हातानं परततं, दोघांची रोजी बुडते आणि दुसऱ्यांदा जायची हिंमत राहत नाही. सोयाबीन सवंगणीच्या किंवा धान रोवणीच्या दिवसांत तर जाणंच होत नाही. म्हणून अर्ज शक्यतो उन्हाळ्यात उरकून घ्या.

तपासणीची तयारी प्रकारानुसार वेगळी असते. लहान मुलाच्या कानाच्या बेरा तपासणीत लेकरू झोपलेलं लागतं, म्हणून गाडीत त्याला झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावर झोपेल असं बघा. बौद्धिक अक्षमतेसाठी मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात. घरी लेकरू काय काय स्वतः करतं (जेवण, संडास, कपडे, दुकानातून वस्तू आणणं) याचे प्रश्न आईला विचारले जातात. इथे पुष्कळ आया लाजेपोटी लेकराला सांभाळून घेतात, "करते की सगळं" म्हणतात, आणि टक्केवारी खाली येते. वाढवून सांगू नका, झाकूनही ठेवू नका. किती मदत लागते ते रोज घडतं तसंच सांगा. स्वमग्नतेसाठी इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण ८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, त्याआधी मिळालं नाही म्हणून निराश होऊ नका.

प्रमाणपत्रासोबत मिळणाऱ्या कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो : ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. कमी मिळाले तरी कागद फेकू नका. शाळेनं भेदभाव न करता प्रवेश देणं आणि गरजेप्रमाणे सोय करणं हे कायद्याच्या कलम १६ खाली येतं, आणि त्याला ४० टक्क्यांची अट नाही. टक्केवारी चुकली असं वाटलं तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. लहान लेकरांचं प्रमाणपत्र पुष्कळदा मुदतीचं असतं. मुदत संपायची तारीख फोल्डरच्या वर मोठ्या आकड्यात लिहा आणि तीन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका.

लेकरू अजून अंगणवाडीच्या वयाचं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, शाळेत एकदा. तारीख सेविकाताईंना आधीच विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका. पथकानं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं तर ती चिठ्ठी फाइलमध्ये जाते. पहिल्या सहा वर्षांतली फिजिओथेरपी आणि वाचाउपचार पुढे कितीही पैसे टाकून भरून निघत नाहीत.

शाळेत नाव

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. तो ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश देतो. २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ हे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती शाळेची चालत नाही, तुमची चालते. दिव्यांग प्रमाणपत्र अजून आलं नाही, जन्मदाखला नाही, जून संपला, यांतलं एकही कारण प्रवेश अडवायला पुरत नाही. मिरची तोडायला तेलंगणात किंवा वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब मधेच परतलं, तर आधीच्या शाळेचा टीसी यायचा आहे म्हणूनही थांबवता येत नाही.

नाव पटावर चढलं की काम झालं असं समजू नका. सगळ्यात मोठी गळती इथूनच सुरू होते. शाळेच्या यू-डायस नोंदीत (शाळेची आणि मुलांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद) लेकराचा दिव्यांगत्वाचा प्रकार भरला गेला का, हे मुख्याध्यापकांना विचारा आणि संगणकावर दाखवायला सांगा. ती नोंद नसेल तर तालुक्याच्या हिशेबात तुमचं लेकरू दिव्यांग नाहीच. मग समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, वाचक भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, साहित्य, यांतलं काहीच येत नाही. मुलींना महिना २०० रुपये, १० महिने, ही रक्कम लहान आहे, पण नोंद झाली की नाही याची तीच सोपी परीक्षा आहे. पैसे आले नाहीत तर नोंद, बँक खातं किंवा आधार जोडणी यांतलं काहीतरी अडलेलं असतं. चौकशी त्याच क्रमानं करा.

गट साधन केंद्रात, म्हणजे पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला लागून, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. एका माणसाकडे पुष्कळ शाळा असतात, त्यामुळे ते आपणहून येतीलच असं नाही. त्यांचं नाव आणि तुमच्या शाळेला भेटीचा वार लेखी मागा. आले की त्यांच्याकडून तीन गोष्टी घ्या. या तिमाहीत लेकराला काय शिकवायचं, वर्गशिक्षकांनी काय बदल करायचे, घरी रोज १५ मिनिटं काय करायचं. शक्य तर एका पानावर लिहून.

गृहाधारित, म्हणजे घरी राहून, शिक्षण निवडायचा हक्क अतितीव्र आणि बहुविकलांग मुलांना आहे, पण तो पर्याय आहे, सक्ती नाही. शाळेनं "घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावतो" म्हटलं, तर त्याला गृहाधारित शिक्षण म्हणत नाहीत. खरं असेल तर शिक्षक घरी येतात, भेटीची नोंद होते, साहित्य मिळतं. भेटीची तारीख वहीत लिहा आणि शिक्षकांची सही घ्या. दोन महिने कुणी आलं नाही तर वहीची झेरॉक्स जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या.

अर्ज कसा लिहायचा

"माझ्या मुलाकडे लक्ष द्यावे" असा अर्ज कुणालाच काही करायला लावत नाही. त्याला "लक्ष देऊ" एवढं उत्तर पुरतं. मागणी अशी लिहा की ती झाली की नाही हे कुणीही बघून सांगू शकेल. नमुना :

मा. मुख्याध्यापक,
जि. प. उच्च प्राथमिक शाळा, (गाव), पं. स. (तालुका), जि. (जिल्हा)
विषय : इयत्ता ३ री तील दिव्यांग विद्यार्थ्यास आवश्यक सोयी मिळणेबाबत.
महोदय,
माझा मुलगा (नाव) आपल्या शाळेत इयत्ता ३ री मध्ये शिकत आहे. तो कर्णबधिर असून त्याचे दिव्यांगत्व (टक्के) आहे. प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ व १७ नुसार पुढील सोयी मिळाव्यात :
१. त्याला पहिल्या ओळीत, शिक्षकांचा चेहरा दिसेल अशा जागी बसवावे.
२. गृहपाठ व सूचना फळ्यावर लिहून द्याव्यात.
३. यू-डायसमधील दिव्यांगत्वाच्या नोंदीची प्रत मिळावी.
४. विशेष शिक्षकांच्या भेटीचा दिवस कळवावा.
केलेल्या कार्यवाहीची माहिती १५ दिवसांत लेखी मिळावी, ही विनंती.
आपला/आपली, (नाव, सही किंवा अंगठा, मोबाइल, तारीख)
प्रत : मा. गटशिक्षणाधिकारी, पं. स.

एका अर्जात चार-पाचच मागण्या ठेवा. रॅम्प, शौचालय, भत्ता, शिक्षकांची वागणूक असं सगळं एकत्र कोंबलं की प्रत्येक टेबल म्हणतं, हे आमच्याकडचं नाही. शिक्षकांबद्दल रागाचे शब्द लिहू नका. उद्या लेकरू त्यांच्याच वर्गात बसणार आहे. काय घडलं ते तारखेसकट लिहिलं की पुरे.

काय मागायचं, ते नेमकं

रॅम्प मागताना उतार सांगा : एक फूट उंचीला किमान १२ फूट लांबी, दोन्ही बाजूंना कठडा. नुसतं "रॅम्प करा" म्हटलं की तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून घसरगुंडी केली जाते आणि चाकाची खुर्ची तिच्यावरून चढत नाही. शौचालयाचं दार ९० सेंटिमीटर तरी रुंद हवं आणि आत धरायला दांडी हवी. पाळी सुरू झालेली दिव्यांग मुलगी शौचालयाअभावी शाळा सोडते, ही मागणी कधीच शेवटी ठेवू नका.

श्रवणयंत्र मिळतं, पण सहा महिन्यांत ते पेटीत जातं. कारण बहुतेक साधंच असतं : सेल. कानामागच्या यंत्राचा छोटा सेल तालुक्यातही मिळतोच असं नाही. त्याच्यावरचं स्टिकर काढलं की यंत्र वापरा न वापरा, तो उतरायला लागतो. म्हणून सेल एकदम आणा, पण स्टिकर लागेल तेव्हाच काढा. यंत्र शिट्टी वाजवायला लागलं तर ते बिघडलं असं नाही, लेकराचा कान वाढला आणि कानातला साचा सैल झाला. नवा साचा मागा. कॅलिपर आणि बुटांचंही तसंच, वाढत्या पायाला जुना कॅलिपर जखमा करतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत एकदा साधन मिळालं की साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र एकच वर्ष. शिबिरात "मागच्या वर्षी दिलं होतं" म्हणून परत पाठवलं तर हे सांगा.

सिकलसेलच्या लेकरासाठी वर्गशिक्षकांना एक पान लिहून द्या. त्याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि विचारल्याबरोबर लघवीला जाऊ द्यावं. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, अति दमछाक झाली किंवा ताप आला की रक्तातल्या पेशी अडकतात आणि वेदनेचा झटका येतो. मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात उघड्यावर परिपाठाला उभं करणं किंवा शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं या लेकरासाठी धोक्याचं आहे. हिवाळ्यात स्वेटर काढायला लावू नये. ताप आला तर घरची वाट न बघता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. झटक्यामुळे झालेल्या गैरहजेरीचा दवाखान्याचा कागद दर वेळी शाळेत द्या आणि बुडालेला अभ्यास मागून घ्या. या मुलांना "आळशी" ठरवलं जातं, तेही या एका पानानं थांबतं.

ऐकलं नाही तर वर कुठे

पायऱ्या गाळू नका. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक अर्जाला आधीच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा, म्हणजे "खालून या" असं परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणानं तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

लेकरू शासकीय आश्रमशाळेत असेल तर ही शिडीच वेगळी. ती शाळा आदिवासी विकास विभागाची, म्हणून अर्ज प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जातो : धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड, जो तुमचा प्रकल्प असेल तिथे. पंचायत समितीत दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो आणि शेवटी "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून परत येतो.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्यावी" एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा उत्तराच्या आधी कामच होतं.

यानंतर पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त. त्यांच्याकडे टपालानं तक्रार जाते, पुण्याला जायची गरज नाही. तक्रारीला सगळ्या पोचा क्रमानं जोडा. वकील लागलाच तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांगांना मोफत मिळतो.

शाळा व्यवस्थापन समितीलाही विसरू नका. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. रॅम्पचा किंवा शौचालयाचा ठराव समितीत झाला की तो एका आईचा हट्ट राहत नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. ग्रामसभेत उभं राहून मागच्या वर्षीचा हिशेब विचारा आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

दहावी

जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट या सवलती मिळतात, पण परीक्षेच्या महिन्यात मागितल्या तर मिळत नाहीत. नववीच्या जूनपासून शाळेच्या मागे लागा. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो : पूर्व विदर्भाचा नागपूरला, पश्चिमेचा अमरावतीला. प्रमाणपत्राची मुदत परीक्षेच्या दिवशी चालू असली पाहिजे. जादा वेळ ताशी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक एक इयत्ता खालचा लागतो. त्याच्यासोबत निदान चार सराव पेपर घरी सोडवा, कारण सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि तिथेच मुलांचे गुण जातात. सहामाही परीक्षेतही हीच सोय मागा.

पैशांची काही दारं

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलच्या त्याच नावाच्या शाखेत. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, त्यामुळे तलाठ्याकडून उत्पन्नाची खात्री आधी करून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे : वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी न करता, थेरपीचा खर्चही त्यात येतो. बिलं मूळ लागतात, दर महिन्याला जमवत जा. एसटीत भाड्याची सवलत आहे, थेरपीला नेताना ती वापरा.

याच चार प्रकारांतलं लेकरू १८ वर्षांचं झालं की बँक आणि जमिनीच्या कागदांवर आईबापांची सही आपोआप चालत नाही. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो. १८ वा वाढदिवस आला की लगेच तो टाका. त्याला लागणारे बहुतेक कागद त्या बटनाच्या फोल्डरमध्ये असतात.